भुवयांवरची शाई उतरवताना

भुवयांवरचा टॅटू काढायचा म्हणजे लेझर मारायचा आणि शाई फिकी होत होत निघून जाणार, असं मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकीला वाटतं. माझ्या भुवईवर पहिल्यांदा लेझर पडला तेव्हा नेमकं उलटं झालं. जिथे तो लागला तिथली जागा काळी-निळसर पडली. नशीब की डॉक्टरांनी मुद्दाम करून पाहिलेला तो छोटासा ठिपका होता, अख्खी भुवई नव्हती. हे असं का होतं आणि त्यातून आम्ही वाट कशी काढली, ते नीट लिहून ठेवते आहे. परमनंट मेकअप आता तालुक्याच्या गावातल्या पार्लरमध्येही होतो. तो उतरवायची वेळ आली तर काय, याबद्दल कुणी अनुभवाने मराठीत लिहिलेलं मला तेव्हा सापडलं नव्हतं.

माझ्या भुवया आधीपासूनच विरळ. थायरॉइड कमी असलं की पुष्कळ जणींच्या भुवयांची बाहेरची टोकं झडतात, तसं माझं झालं होतं. सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. सकाळी पेन्सिलने रेखलेली भुवई मधल्या सुट्टीपर्यंत घामाने पुसून जायची. मग एका पार्लरमध्ये मायक्रोब्लेडिंगबद्दल कळलं. बारीक सुयांच्या पात्याने कातडीवर केसांसारख्या रेघा ओढतात आणि त्यात रंग भरतात. वर्ष-दीड वर्षात तो आपोआप उतरतो, असं मला सांगितलं गेलं. आमचं ठरलं होतं ते एवढंच की झडलेल्या टोकांना रेघा काढायच्या आणि आकाराला हात लावायचा नाही. उठून आरशात पाहिलं तर दोन्ही भुवया सलग भरलेल्या, कमान वर चढवलेली आणि आतली टोकं नाकाच्या दिशेने खाली ओढलेली. सूज उतरली, खपली पडली की छान बसेल, असं पार्लरवाल्या बाई म्हणाल्या. खपली पडली, सूजही उतरली, आकार काही बदलला नाही.

भुवईची आतली टोकं दोन-तीन मिलिमीटर खाली आली तर चेहऱ्याचा भावच बदलतो, हे मला माझ्या वर्गाने शिकवलं. दुसरीची पोरं. मी फळ्याकडून वळले की पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच विचारायची, "बाई, तुम्ही रागावलाय का?" मी हसून नाही म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. सहा-सात वर्षांचं मूल बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून आपलं चुकलं की बरोबर हे ठरवत असतं. माझा चेहरा त्यांना दिवसभर खोटं सांगत होता, आणि हे मला आतून फार लागलं. टॅटू काढायचाच, हे मी त्या पोरांसाठी ठरवलं. सौंदर्याचा विचार त्यानंतरचा.

पण डॉक्टरांकडे जाण्याआधी आणखी एक गोष्ट घडली आणि खरं त्रांगडं तिनेच केलं. वर्षभरात चॉकलेटी रंगाचा विटकरी झाला. मी पुन्हा त्या पार्लरमध्ये गेले. त्यांनी 'करेक्शन' सुचवलं, म्हणजे भुवईची वरची कड आणि आतली टोकं कातडीच्या रंगाच्या शाईने झाकून टाकायची. काढायची भानगड नको, झाकलं की झालं, असं त्यांचं म्हणणं. काही महिने ते बरं दिसलं. मग झाकलेल्या जागी फिकट पिवळट पट्टा दिसायला लागला. शाळेच्या मैदानावर उन्हात माझा चेहरा रापला की तो पट्टा आणखी उठून दिसायचा, कारण कातडी रापते, शाई रापत नाही.

या काळात मला सुचवले गेलेले उपाय आठवले की अजूनही काळजी वाटते. कुणी लिंबू-मीठ चोळायला सांगितलं. कुणी टॅटू काढायचं क्रीम ऑनलाइन मागव म्हणालं. दुसऱ्या एका पार्लरमध्ये ॲसिड भरून रंग बाहेर काढून देऊ म्हणाले, आणि त्या बाटलीवर कसलंच लेबल नव्हतं. शाई असते कातडीच्या वरच्या थराखाली, दुसऱ्या थरात. वरून चोळलेलं काहीही तिथवर पोचत नाही, आणि जे पोचेल ते वाटेतली कातडी जाळूनच पोचेल. शिवाय ही जागा डोळ्यापासून बोटभर अंतरावर. मी यातलं काहीही केलं नाही आणि पुण्यातल्या एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर मॅडमची वेळ घेतली.

पहिल्या भेटीत त्या थेट लेझरकडे वळल्या नाहीत. आधी भरपूर प्रश्न विचारले. जखमेचे वण फुगतात का? ओठांवर वारंवार पाण्याच्या पुळ्या येतात का? मुरमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या अलीकडे घेतल्या होत्या का? संधिवातासाठी कधी सोन्याची इंजेक्शनं घेतली होती का? या शेवटच्या प्रश्नाचं मला नवल वाटलं. त्यांनी समजावलं की शरीरात गेलेल्या सोन्याचे कण कातडीत वर्षानुवर्षं राहतात, आणि त्यांच्यावर टॅटू काढायचा लेझर पडला तर ती जागा निळी-करडी होऊ शकते. दिवाणखान्यात बसून कितीही वाचलं असतं तरी हा प्रश्न मला सुचला नसता.

मग त्यांनी डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं भिंग, भुवईवर टेकवून पडद्यावर चित्र दाखवलं. माझ्या केसांच्या मुळांमधून विटकरी डाग पसरलेले होते, त्यात बारीक काळे कण होते, आणि वरच्या कडेला या सगळ्यावर एक फिकट, दुधाळ थर. आरशात मला एकच रंग दिसायचा. पडद्यावर तीन शाया दिसत होत्या, आणि तिन्ही वेगवेगळ्या वागणार होत्या.

"कोणती शाई वापरली, बाटलीचं नाव मिळेल का?" त्यांनी विचारलं. मी पार्लरला फोन केला. माल बाहेरून येतो, ती बाटली कधीच संपली, एवढंच उत्तर मिळालं. भुवयांवर रंग भरून घेणाऱ्या प्रत्येकीला माझं कळकळीचं सांगणं आहे: बाटलीच्या लेबलचा फोटो त्याच दिवशी, तिथेच काढून घ्या. पुढे कधी काढायची वेळ आली तर डॉक्टरांना त्याहून उपयोगी कागद दुसरा नसतो. एमआरआय करायची वेळ आली तर तिथल्या फॉर्मवरही टॅटू आणि परमनंट मेकअपबद्दल विचारतात, कारण काही शायांमध्ये लोहाचे कण असतात.

नाव मिळालं नाही म्हणून पॅच टेस्ट करायची ठरली. उजव्या भुवईच्या बाहेरच्या टोकाला, केसांनी झाकलं जाईल अशा जागी एक ठिपका विटकरी रंगावर आणि एक त्या कातडीच्या रंगाच्या शाईवर. दोन्ही ठिपके आधी पांढरेफटक झाले. लेझरच्या उष्णतेने कातडीत वायूचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि त्यामुळे ती जागा पांढरी दिसते. डॉक्टर त्याला फ्रॉस्टिंग म्हणतात. पंधरा-वीस मिनिटांत तो पांढरेपणा ओसरतो. त्यांनी माझ्या हातात आरसा दिला आणि म्हणाल्या, "बघत राहा." पांढरं ओसरत गेलं तसा विटकरीच्या जागी काळपट ठिपका दिसायला लागला, आणि कातडीच्या रंगाच्या जागी पाटीसारखा करडा-निळा. माझे डोळे भरून आले. मॅडम शांत होत्या, कारण त्यांना हेच पाहायचं होतं.

त्यांनी जे समजावलं ते इथे माझ्या शब्दांत सांगते. भुवयांच्या चॉकलेटी शायांमध्ये बहुतेक वेळा लोहाची ऑक्साइडं असतात. लाल, पिवळी, काळी एकत्र करून हवी ती छटा बनवतात. विटकरी रंग येतो तो फेरिक ऑक्साइडमुळे, म्हणजे जो गंजात असतो तोच पदार्थ. लेझरच्या झटक्याने त्याचं फेरस ऑक्साइड होऊ शकतं आणि ते काळं असतं. कातडीच्या रंगाच्या शाईत पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायॉक्साइड घालतात. त्यातल्या टायटॅनियमचंही असंच रूप बदलतं आणि पांढऱ्याचं करडं-निळं होतं. कातडी जळून काळी पडलेली नसते, शाईच बदललेली असते, म्हणून बर्फ किंवा मलम लावून ती मूळ रंगावर येत नाही. पूर्ण भुवईवर आधी टेस्ट न करता लेझर फिरवला असता तर कपाळावर दोन काळे-निळे पट्टे घेऊन मी घरी आले असते. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रवासातला सगळ्यात मोलाचा भाग तो छोटासा ठिपकाच होता.

टायटॅनियम डायॉक्साइड हे नाव ऐकल्यावर मला घरच्या सनस्क्रीनची आठवण झाली. ट्यूबवर तेच लिहिलेलं होतं. घाबरून विचारलं तेव्हा कळलं की वरून लावलेलं सनस्क्रीन कातडीवरच राहतं, धुतलं की जातं, त्याची भीती नाही. मात्र लेझरच्या दिवशी चेहरा स्वच्छ धुऊन यायचा. सनस्क्रीन नाही, पावडर नाही, कुंकू नाही.

टेस्टनंतर काही आठवडे थांबायचं होतं. त्या काळात विटकरीवरचा काळा झालेला ठिपका हळूहळू फिकट झाला. करडा-निळा ठिपका जसाच्या तसा. यावरून पुढची आखणी ठरली. मूळ चॉकलेटी शाईवर क्यू-स्विच्ड एनडी-याग नावाचा लेझर, १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा. ती काळी पडली तरी चालेल, कारण काळ्यावर हा लेझर चांगला काम करतो. आणि झाकलेल्या पट्ट्यांना तो लावायचाच नाही. तिथे एर्बियम लेझर. तो शाईचा रंग पाहत नाही, कातडीतल्या पाण्यावर काम करतो आणि अगदी पातळ थर सोलत जातो. त्याबरोबर शाईही थोडी थोडी निघते. सलाइनचा पर्यायही त्यांनी सांगितला होता. त्यात खाऱ्या पाण्याचं द्रावण सुईने कातडीत भरतात आणि ते शाईला खपलीकडे ओढतं. चांगल्या हातांनी झालं तर तोही उपयोगी पडतो. पण त्यात पुन्हा त्याच जागी सुया, आणि आपल्या सावळ्या कातडीवर प्रत्येक जखमेमागे डाग राहायची धास्ती. मी एर्बियम निवडला.

१०६४ हा आकडा आपल्या कातडीसाठी महत्त्वाचा आहे, म्हणून थोडं थांबते. सावळ्या कातडीत मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, जास्त, आणि लहान तरंगलांबीचा प्रकाश मेलॅनिन जास्त शोषतं. १०६४ चा प्रकाश ते तुलनेने कमी शोषतं, त्यामुळे तो खोल शाईपर्यंत जातो आणि वरची कातडी पुष्कळशी वाचते. लाल-नारिंगी शाईसाठी ५३२ नॅनोमीटर वापरतात, पण गव्हाळ-सावळ्या कातडीवर त्याने काळे किंवा पांढरे डाग पडायची शक्यता वाढते. ज्या रंगावर नेम आहे तोच रंग जो प्रकाश शोषेल तो निवडायचा, आणि इतका थोडा वेळ सोडायचा की आजूबाजूची कातडी तापायच्या आत काम उरकेल, हा विचार अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी १९८३ मध्ये मांडला. आजचे टॅटू काढायचे लेझर त्याच तत्त्वावर चालतात. क्यू-स्विच्ड लेझरचा एक झटका काही नॅनोसेकंदांचा असतो, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागांत मोजायचा. पिको लेझरचा त्याहूनही लहान. आमच्या डॉक्टरांचं मत असं की भुवयांच्या बाबतीत मशीनच्या नावापेक्षा ती हाताळणाऱ्याचा संयम महत्त्वाचा, आणि माझा अनुभवही तोच आहे.

आता सिटिंगचा दिवस. पहाटे साताऱ्याहून एसटी, खंबाटकी ओलांडून स्वारगेट, तिथून रिक्षा. क्लिनिकमध्ये आधी फोटो काढतात, दर वेळी त्याच खुर्चीत, त्याच उजेडात. मग बधिर करणारं क्रीम लावून वर प्लास्टिक चिकटवतात आणि पाऊण-एक तास बसवून ठेवतात. सिस्टर दर वेळी बजावायच्या, "ताई, डोळे मिटूनच बसा, क्रीम डोळ्यात जायला नको." ते क्रीम डोळ्याच्या बुबुळाला इजा करू शकतं, म्हणून त्या अगदी पातळ पट्टी लावायच्या आणि खालून कापसाने अडवायच्या.

डोळ्यांचं संरक्षण हा मला सगळ्यात जास्त सांगावासा वाटणारा भाग आहे. आत नेल्यावर डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकले आणि पापणीखाली धातूची गुळगुळीत, वाटीसारखी छोटी ढाल सरकवली. ढाल आत जाताना विचित्र वाटतं, दुखत मात्र नाही. एकदम सगळं काळोखं होतं. भुवईच्या खालच्या कडेला लेझर मारताना त्याची दिशा डोळ्याकडे जाऊ शकते, आणि या लेझरचा प्रकाश डोळ्यात गेला तर दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. खोलीतल्या सगळ्यांनी त्या लेझरसाठी बनवलेले चष्मे घातलेले असतात. नुसता कापूस किंवा रुमाल डोळ्यावर ठेवून भुवईवर लेझर मारायला निघालेली जागा दिसली तर तिथून सरळ उठून यावं. यात संकोच करू नका, पैसे भरलेले असले तरी करू नका.

दुखतं का? क्रीम लावूनही दुखतं. फोडणीचं तेल उडून हातावर पडतं तसा चटका, पण एकामागून एक, आणि नाकाजवळच्या टोकाला जास्त. प्रत्येक झटक्याबरोबर टक्‌ असा आवाज कवटीत ऐकू येतो आणि केस जळल्याचा वास येतो. एक बरं की भुवई लहान असते. प्रत्यक्ष लेझर काही मिनिटांतच उरकतो, सगळा वेळ जातो तो तयारीत. एर्बियमच्या वेळी चटका वेगळा, नंतरची आगही जास्त वेळ टिकणारी, आणि जखम उघडी असल्यामुळे काळजी दुप्पट. म्हणून त्यांनी तो पट्टा एकदम न सोलता तुकड्या-तुकड्याने केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूज सगळ्यात जास्त असते. पापण्या इतक्या फुगायच्या की डोळे अर्धेच उघडायचे. रात्री उशी उंच घेऊन झोपायचं, हे मी शिकले. मलम, त्यावर व्हॅसलीन, खपलीला नख लावायचं नाही, वाफ नाही, थ्रेडिंग नाही, ऊन नाही. स्कूटरवर हेल्मेटची कड बरोबर भुवईवर घासते, म्हणून त्या दिवसांत मी शाळेत एसटीने जायचे.

एक सिटिंग नेमकी गौरींच्या आसपास आली. जेवणाच्या दिवशी घरात पाहुणे, पुरणाचा स्वयंपाक, आणि माझ्या दोन्ही भुवयांवर काळ्या खपल्या. सासूबाईंनी मला चुलीच्या आणि तेलाच्या जवळही येऊ दिलं नाही. हळदीकुंकवाला बायका आल्या तेव्हा कुणी विचारायच्या आत त्याच सांगून टाकायच्या, "तिचा उपचार चाललाय पुण्याला." एवढ्या एका वाक्याने मला किती हलकं वाटलं ते मी त्यांना अजून नीट सांगितलेलं नाही. संध्याकाळी त्या वाटीत तूप-हळद घेऊन आल्या. मी म्हटलं, "आई, डॉक्टरांनी फक्त व्हॅसलीन सांगितलंय, जखमेवर दुसरं काही नको." त्यांनी वाटी बाजूला ठेवली आणि शेजारी बसल्या. त्यांच्या कपाळावर आणि हातावर लहानपणीचं गोंदण आहे. आपल्यासोबत वर जातं ते गोंदणच, असं त्या नेहमी म्हणतात. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "माझं पण निघेल का गं त्या यंत्रानं?" त्यांना काढायचं नव्हतं, फक्त जाणून घ्यायचं होतं. पुढच्या वेळी मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, काजळीचं गोंदण म्हणजे निव्वळ कार्बन, एकच काळा रंग आणि शाईही बेताची. १०६४ च्या लेझरला ते तुमच्या भुवयांपेक्षा लवकर दाद देईल. हे सांगितल्यावर सासूबाईंनी हातावरच्या तुळशीवृंदावनावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "असू दे, छान आहे."

दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे जाऊ द्यायचे, आणि आमच्या डॉक्टरांनी तर त्याहून जास्तच जाऊ दिले. मला घाई होती. पण हा काळ वाया जात नसतो. लेझर शाईचे कण फक्त फोडतो, ते उचलून न्यायचं काम आपल्याच शरीरातल्या भक्षक पेशी करतात. खरं तर टॅटू टिकतो तोही या पेशींमुळेच. त्या शाई गिळून जागच्या जागी बसतात. मार्सेलच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवून दिलं की अशी पेशी मेली की तिच्यातून सुटलेली शाई शेजारी आलेली नवी पेशी पुन्हा गिळते, आणि म्हणून वरून पाहणाऱ्याला टॅटू तसाच दिसत राहतो. लेझरने कण पुरेसे बारीक झाले तरच ते लसिकेच्या (लिम्फच्या) वाटेने दूर जाऊ शकतात. हे कळल्यावर थांबणं मला सोपं गेलं.

एकदा मात्र अडलं. डाव्या भुवईखाली कातडी तपकिरी पडली. ती शाई नव्हती, माझंच मेलॅनिन होतं. जखमेनंतर सावळी कातडी असा रंग धरते. डॉक्टरांनी पुढची सिटिंग सरळ रद्द केली, उन्हाळा संपेपर्यंत काहीही करायचं नाही म्हणाल्या, सनस्क्रीन आणि एक सौम्य क्रीम दिलं. पावसाळ्यापर्यंत तो डाग पुष्कळ उतरला. पैसे मिळत असतानाही 'आज नको' म्हणणारा डॉक्टर भेटणं हे या उपचारात फार मोठं आहे. खर्च काही हजारांत, तोही प्रत्येक सिटिंगला, आणि सौंदर्योपचार म्हणून विम्यात काही मिळत नाही. शिक्षकाच्या पगारात तो मी सणाचे कपडे आणि सहली बाजूला ठेवून केला. हे आधी कुणी सांगितलं असतं तर निदान हिशेब नीट मांडता आला असता, म्हणून इथे सांगते.

केसांचं काय होतं, हे मला बऱ्याच जणी विचारतात. लेझरच्या जागचे काही केस जळून गेले आणि काही पांढरे झाले. पहिल्यांदा पांढरे केस पाहिले तेव्हा घाबरून रात्री डॉक्टरांना मेसेज केला. त्यांचं उत्तर आलं, "बहुतेक वेळा हे तात्पुरतं असतं, मूळ शाबूत आहे." पुढच्या खेपेला उगवलेले केस काळे होते. थायरॉइडच्या गोळीचा डोसही मधल्या काळात नीट बसला, आणि बाहेरच्या टोकांना थोडी लव आली आहे.

आज स्थिती अशी आहे. चॉकलेटी शाई जवळजवळ गेली. काळं पडलेलंही गेलं. आतल्या टोकांचा पिवळट पट्टा एर्बियमने इतका पातळ झाला की शाळेच्या उजेडात दिसत नाही, कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये दिसतो. मधोमध हलकी नारिंगी छटा उरली आहे. तिच्यासाठी ५३२ चा विचार आम्ही केला आणि सोडून दिला. आहे त्या छटेपेक्षा पांढरा डाग वाईट, यावर डॉक्टरांचं आणि माझं एकमत झालं. तो टेस्टचा करडा-निळा ठिपका अजून तिथेच आहे, केसांत लपलेला. त्याच्यावर पुढे १०६४ मारून पाहिला, थोडाच फिकटला.

गेल्या महिन्यात शेजारच्या केंद्रशाळेतल्या एका मॅडमचा फोन आला. त्यांच्याही भुवयांची कड कातडीच्या रंगाने झाकलेली आहे, आणि त्यांना एका ठिकाणी एकाच दिवसात साफ करून देतो असं सांगितलं होतं. मी त्यांना तिन्ही फोटो पाठवले: टेस्टच्या आधीचा, पांढऱ्या फ्रॉस्टिंगचा आणि वीस मिनिटांनंतरचा. त्यांनी तिथली वेळ रद्द केली. आता दिवाळीच्या सुट्टीत त्या पुण्याला जाणार आहेत, आधी फक्त पॅच टेस्टसाठी. पार्लरमधून बाटलीचं नाव त्यांनी मिळवलं आहे.